खिडकीच्या जागी समुद्र

मी माहेरी जाते म्हटलं, तर नवऱ्याने समुद्रच घरात आणला. ऐकणाऱ्याला वाटेल, काय नशीबवान बाई आहे! आमच्या गल्लीतल्या बायकांना तर अजूनही तसंच वाटतं.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. मागच्या दारातून निघालं की हातातला चहा निवायच्या आत समुद्र. लग्न होऊन आले ती झाशीत, दतिया गेटजवळच्या या घरात. इथे समुद्राचं म्हणाल तर देवघरातला शंख तेवढा. माझी मुलगी आभा चौथीत गेली, पण तिने समुद्र पाहिलेला नाही. आजी पाहिली तीही मोबाइलवरच जास्त. दरवर्षी मी जाते म्हणायचे आणि दरवर्षी काहीतरी निघायचं. सासूबाईंचा गुडघा, सासऱ्यांचा मोतीबिंदू, नवऱ्याच्या, म्हणजे नीरजच्या, बँकेतलं ऑडिट. ‘जाऊ नकोस’ असं मात्र कोणी कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर निदान भांडता आलं असतं.

यंदा होळीनंतर माझ्या भावाचा, जयंतचा फोन आला. “आई थकत चाललीय गं. नारळी पौर्णिमेला ये. आभाला घेऊन ये. आई रोज एकदा तरी विचारते.” मी त्याच दिवशी जेवताना सगळ्यांना सांगून टाकलं की यंदा मी आणि आभा जाणार. भाऊसाहेब, म्हणजे माझे सासरे, “हो हो, जा ना,” म्हणाले. नीरज नुसता हसला. त्या हसण्याने मी सावध व्हायला हवं होतं.

काही दिवसांनी मुकेश नावाचा माणूस टेप घेऊन आमच्या खोलीतली खिडकी मोजायला आला.

वरच्या मजल्यावरच्या आमच्या खोलीला खिडकी एकच. जुनी भिंत हातभर जाड, त्यामुळे खिडकीत चांगलं मांडी घालून बसता यायचं. खाली कचोरीवाल्याची गाडी, शाळेच्या रिक्षा, रस्ता अडवून बसलेले सांड, त्यांना शिव्या घालणारी माणसं. दुपारी घर झोपलं की मी तिथे बसायचे. उन्हाळ्यात तिथे कूलर लागायचा, तरी एका कडेने मान घालून रस्ता बघायची सोय मी ठेवली होती.

“भाभीजी, ऐसी दीवार आजकल मिलती कहाँ है!” मुकेश खूश होऊन म्हणाला. “टैंक तो समझो इसी के लिए बना है.”

“कसला टँक?” मी नीरजकडे बघितलं.

“सरप्राइज होतं यार,” नीरज म्हणाला. “तुला समुद्राची आठवण येते ना? खऱ्या समुद्राचे मासे, खारं पाणी, सगळं असली. तुझ्याच खोलीत.”

तो इतका आनंदात होता की माझ्या तोंडून ‘मला विचारलंस का?’ एवढंही निघालं नाही. नीरज वाईट माणूस नाही. वाईट असता तर मी कधीच बॅग भरली असती. तो प्रेमाने चुका करतो, आणि अशा चुकांवर ओरडलं की आपणच कृतघ्न ठरतो.

मग गवंडी आला. खिडकीतून ऊन आलं तर टाकीत शेवाळ माजेल, असं मुकेशचं म्हणणं पडलं, म्हणून बाहेरच्या बाजूने विटा लावून खिडकी बुजवली. त्या खोबणीत काचेची टाकी बसली. खाली लोखंडी स्टँड, त्यात आणखी एक लहान टाकी, जिथे पाणी गाळून पुन्हा वर जातं. पंप, फेस काढायचं यंत्र, दिवे. मिठाच्या गोणी आल्या. आरओचं पाणी ड्रमात भरून त्यात मीठ कालवायचं, ते बरोबर झालं का ते एका दुर्बिणीसारख्या नळीतून बघायचं. मी बोट बुडवून जिभेला लावलं. खारट होतं, पण त्याला समुद्राचा वास नव्हता. मी तसं म्हटलं तर मुकेश म्हणाला, “वो बदबू इसमें नहीं आएगी भाभीजी, गारंटी है.”

झाशीच्या उन्हाळ्यात माणसं शिजतात, तिथे माशांची काय कथा. म्हणून पाणी थंड ठेवणारं मशीन आलं. ते पाणी थंड करतं आणि आपली गरम हवा खोलीत सोडतं. कूलर लावायला खिडकी उरली नव्हती. मे महिन्यात टाकीतलं पाणी गारेगार आणि आम्ही पलंगावर घामाने निथळतोय, असा तो थाट होता. आभा काचेला गाल लावून झोपायला बघायची.

पाणी आणि दगड बरेच आठवडे नुसते मुरत ठेवले. त्यात म्हणे जिवाणू वाढावे लागतात, त्याशिवाय मासे टिकत नाहीत. मग मासे आले. पांढऱ्या पट्ट्यांची नारिंगी जोडी, एक पिवळाजर्द, आणि एक बोटाएवढा निळा, जो आल्यापासून बाकीच्यांना चावत सुटला. आभाने त्याचं नाव बदमाश ठेवलं.

लोक बघायला येऊ लागले. झाशीतली मराठी घरं मोजकी, त्यामुळे बातमी पसरायला वेळ लागत नाही. सासूबाई सगळ्यांना वर आणायच्या आणि म्हणायच्या, “सुनेसाठी केलं हो नीरजने. तिचं माहेर समुद्राकाठचं ना.” मग मी चहा करायचा. माझ्या खोलीत, माझ्या पलंगावर बसून माणसं चहा प्यायची आणि बुजवलेल्या खिडकीकडे तोंड करून ‘वा’ म्हणायची.

इथवर मी सहन केलं असतं. खरी मेख माशांच्या खाण्यात निघाली.

माझं सासर भिक्षुकी घराणं. पूर्वज कोकणातून झाशीच्या सुभेदारांबरोबर पुजारी म्हणून आले आणि इथलेच झाले. घरात कांदासुद्धा चातुर्मासात येत नाही. मी सारस्वताच्या घरची. माहेरी मासळीशिवाय जेवण व्हायचं नाही, ही गोष्ट सासरी लग्नापासून दाबून ठेवलेली. आणि समुद्राचे मासे काय खातात? बर्फातली बारीक कोळंबी. मुकेशने तिची पाकिटं स्वयंपाकघरातल्या फ्रिजमध्ये ठेवली तेव्हा सासूबाईंनी जो आरडाओरडा केला तो दतिया गेटच्या पलीकडे गेला असेल. शेवटी एक छोटा फ्रीजर घेतला आणि तोही माझ्याच खोलीत ठेवला. “तू आणि तुझं ते,” सासूबाई म्हणाल्या. “आम्ही कोणी शिवणार नाही. तुला सवय आहे.”

इतकी वर्षं जी सवय मी विसरल्याचं सोंग केलं, तीच माझ्या गळ्यात पडली. कोळंबी वितळवणार मी, चिमटीने घालणार मी. पाणी आटत जातं, काचेवर खूण केलीय, रोज तिथवर गोडं पाणी घालणार मी. वीज गेली की मशीन बंद करून पंप इन्व्हर्टरवर घेणार मी. भाजीला गेले तरी जीव टाकीत अडकलेला. वीज गेली की भाजीची पिशवी तशीच टाकून मी घराकडे धावायचे.

तरीही मी नारळी पौर्णिमेचं सोडलं नव्हतं. नीरजने मंगला एक्सप्रेसची तिकिटं काढली होती. ही गाडी रोज आमच्या झाशीवरून थेट कोकणात जाते. “टाकी तोपर्यंत सेट होईल, मी शिकून घेतो,” तो म्हणाला होता. मी त्याला शिकवायला बसायचे आणि तो “हाँ हाँ, समझ गया,” म्हणत मोबाइल बघायचा. कोळंबीचं पाकीट पुढे केलं की दोन पावलं मागे. लहानपणापासूनचे संस्कार, त्याला मळमळायचं. मुकेशला विचारलं तर तो म्हणाला, “भाभीजी, हम तो सेटअप वाले हैं, रोज़ का काम हम नहीं करते.”

निघायच्या आदल्या आठवड्यात मी बॅग भरायला काढली. आभाने स्वतःच्या पिशवीत आधीच प्लॅस्टिकचं फावडं ठेवलं होतं, वाळू उकरायला. नीरज पलंगाच्या कडेला बसला.

“रोहिणी, विचार कर ना. तू गेलीस तर हे मरतील. बिचारे इतक्या लांबून आलेत.”

“मीही लांबूनच आलेय,” मी म्हटलं.

“दिवाळीनंतर सगळेच जाऊ. पक्का. तोपर्यंत आई किंवा मी कोणी शिकू.” मग तो हसला. “आणि तसं बघितलं तर समुद्र घरात आहेच.”

त्याने तिकिटं रद्द केली. मी खूप बोलले, अगदी वाट्टेल ते बोलले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, “तू थकलीयस.” आभाने फावडं पिशवीतून काढून टाकीपाशी ठेवलं. “मम्मी, नानी के यहाँ नहीं जा रहे?” तिला मराठी सगळं समजतं, बोलते मात्र हिंदीच. मी म्हटलं, “पुढच्या वेळी.” तिला ते उत्तर पाठ झालंय, आणि त्याचंच मला वाईट वाटलं.

तर नारळी पौर्णिमा झाशीतच उजाडली. जयंतची राखी पोस्टाने गेली होती.

या घराची एक रीत आहे. कोकण सोडून कित्येक पिढ्या झाल्या, तरी नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचं त्यांनी सोडलं नाही. घरचा कर्ता पुरुष एरचला जातो आणि बेतवेच्या घाटावर नारळ सोडतो. बेतवा यमुनेला मिळते, यमुना गंगेला, गंगा समुद्राला, म्हणजे कधी ना कधी पोचेलच. मला या घरातली आवडणारी गोष्ट कोणती विचाराल तर हीच. मी नवी होते तेव्हा भाऊसाहेबांनी ती सांगितली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

यंदा सकाळी भाऊसाहेब सोवळं नेसून जिन्याने वर आले. हातात तबक. मागे सासूबाई, त्यांच्या हातात नैवेद्याचं ताट. नारळीभात मीच केला होता, तूप-गूळ सढळ घालून.

“आता एरचला जायची गरज काय?” भाऊसाहेबांचा चेहरा फुलला होता. “आमच्या सात पिढ्यांना जे जमलं नाही ते नीरजने केलं. समुद्र दाराशी आला. यंदा नारळ थेट सागराला.”

“भाऊसाहेब, पाण्यात काही घालू नका. बाहेरूनच पूजा करा. हळद-कुंकू, तूप, भात, काहीही आत गेलं तर पाणी नासेल.”

“तुमच्या गावी समुद्रात नारळ सोडतात की नाही?”

“सोडतात. पण तो समुद्र आहे. ही पेटी आहे.”

मग सासूबाई म्हणाल्या, “इतके दिवस आम्ही या खोलीत काय काय चालवून घेतलं, रोहिणी. आज एक दिवस सात्त्विक काही त्यांच्या मुखात गेलं तर बिघडलं कुठे?”

मी नीरजकडे बघितलं. मीठ मोजताना कणभर इकडेतिकडे झालं की मला बोलणारा माणूस तो. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “जाऊ दे ना. एक नारळ तर आहे. त्यांना दुखवू नकोस.”

भाऊसाहेबांनी हळद-कुंकू लावलेला नारळ दोन्ही हातांनी पाण्यात सोडला. वरून पंचामृताची पळी. मग नारळीभाताचं शीत शीत करत मूदभर भात. नारिंगी जोडी भात खायला वर आली. “बघा, बघा, स्वीकारला!” सासूबाईंनी हात जोडले. मी जाळी घेऊन पुढे झाले तर भाऊसाहेब म्हणाले, “संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. दिलेलं परत काढत नाहीत.”

दुपारी पाणी ताकासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. मी भात काढायचा प्रयत्न केला तोवर तो विरघळून गेला होता. ड्रममधलं साठवलेलं पाणी घातलं, पंप वाढवले. पिवळा मासा माझ्या डोळ्यांदेखत आडवा झाला. संध्याकाळी नारिंगी जोडीही गेली. आभा रडत होती. आणि मी खोटं कशाला सांगू, मला रडू येत होतं पण आत कुठेतरी हलकंही वाटत होतं. जिवंत काही उरलं नाही तर राखण कशाची? मनातल्या मनात मी बॅग काढली होती.

तेवढ्यात दगडामागून बदमाश बाहेर आला. त्याला काहीही झालं नव्हतं.

भाऊसाहेब मात्र खचले. रात्रभर झोपले नसावेत. सकाळी त्यांनी सगळ्यांना खाली बोलावलं. पाटावर तो नारळ लाल कपड्यात गुंडाळून ठेवलेला. “सागराने नारळ घेतला नाही. आपल्या हातून हत्या झाली. हा नारळ आता फोडता येत नाही, टाकता येत नाही, बेतवेत सोडता येत नाही. हा खऱ्या समुद्रातच गेला पाहिजे.”

इतक्या वर्षांत पहिल्यांदा या घराची रीत माझ्या बाजूने बोलत होती.

“मी नेते,” मी म्हटलं. “मी आणि आभा. वेंगुर्ल्यालाच नेते. आजच्या गाडीनेही निघेन.”

भाऊसाहेबांनी माझ्याकडे खरोखर मायेने बघितलं. “तुझी भावना समजते, बेटा. पण नारळ घरच्या पुरुषाने द्यायचा असतो. मला तो प्रवास झेपणार नाही. नीरज जाईल.”

“मग आम्हीपण त्याच्याबरोबर जातो.”

नीरजने जिन्याकडे, वरच्या खोलीकडे बघितलं. “तो निळा आहे ना अजून,” तो म्हणाला. “त्याला खायला कोण घालणार?”

“आणखी एक जीव जायला नको या घरात,” सासूबाई म्हणाल्या. भाऊसाहेबांनी डोळे मिटले. प्रश्न संपला होता.

ज्या बँकेने मला माहेरी पोचवायला कधी सुट्टी दिली नाही, तिने नारळासाठी आठवडा दिला. नीरज मंगला एक्सप्रेसने गेला. त्याचा डबा मीच भरून दिला. आभाने त्याच्या बॅगेत हळूच आपलं फावडं घातलं. मी बघितलं, पण काढलं नाही.

परवा दुपारी त्याचा व्हिडिओ कॉल आला. मी पलंगावर बसले होते, आभा मांडीवर. नीरज पँट गुडघ्यापर्यंत दुमडून माझ्या समुद्रात उभा होता. हो, माझ्याच. मागे ते सुरूचं झाड, तो खडक, जिथे मी शाळेतून आल्यावर बसायचे. “झालं, नारळ दिला!” तो ओरडला. “लाट आली आणि एका झटक्यात घेऊन गेली. भाऊसाहेबांना सांग. आणि काय जेवण करतात यार तुझ्या आई! सोलकढी तर...”

मला त्या माणसाचा भयंकर राग आला.

आभा पडद्याला नाक लावून बघत होती. “मम्मी, ये तो रुकता ही नहीं है,” ती लाटांकडे बोट करून म्हणाली.

मग आईने फोन घेतला. तिचे केस वाऱ्याने उडत होते. ती आधी मला शोधत राहिली, मग आभाला, मग फोन अगदी डोळ्यांजवळ नेऊन आमच्या मागे बघू लागली. मला वाटलं ती मासा बघतेय. मी फोन जरा बाजूला करून टाकी नीट दाखवली, निळा मासा इकडून तिकडे जाताना.

“तां ऱ्हवांदे,” आई म्हणाली. “गो बाय, तुझ्या खोलयेक खिडकी नाय?”

गल्लीतल्या सगळ्या बायका येऊन गेल्या. सगळी मराठी घरं बघून गेली. कोणी हे विचारलं नव्हतं.

“होती,” मी म्हटलं.

आईच्या मागे समुद्राचा तो आवाज, जो मी विसरले असं मला वाटत होतं. मग फोन पुन्हा नीरजकडे गेला. “रोहिणी, ऐक, मी दोन कॅन भरून पाणी आणतोय इथलं. टाकीसाठी. आता अगदी असली होईल. मुकेशला पण सांगितलंय, नवीन मासे आणून ठेव म्हणून.”

“नको,” मी म्हटलं. “नको आणूस. नीरज, नको.”

“क्या? लाटांमुळे ऐकू येत नाही!” तो हसत ओरडला आणि हात हलवला. फोन बंद झाला.

आभा उठली. टाकीपाशी जाऊन तिने खुणेवर बोट ठेवलं. “आई,” ती म्हणाली. तिने कधी मला आई म्हटलं नव्हतं. “पाणी कमी झालंय.”

मी जग घेतला आणि भरायला खाली गेले.